मिशनच्या खेड्यातल्या शाळा: शिक्षण की आमिष?

गोदाकाठ: अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेतल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांची संस्था, १८३१ साली नगरला आलं. पुढे नेवाशाकडे वडाळ्याला ठाणं झालं, आसपासच्या महारवाड्या-मांगवाड्यांत शाळा निघाल्या. हल्ली या शाळांचं भरभरून कौतुक वाचतो. मला ते पटत नाही. शाळेचा मास्तर आणि रविवारचा उपदेशक बहुतेक एकच माणूस. पाढ्यांच्या जोडीला बायबलातल्या दहा आज्ञा पाठ. याला आमिष नाही तर काय म्हणायचं?

अनवट: म्हणा आमिष. दुसरी शाळा कुठे होती, तेवढं सांगा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला जातीवरून प्रवेश नाकारला. त्यानं थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला, तरी दार उघडलं नाही. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सगळ्यांना खुल्या, असं सरकारनं १८५८ला जाहीर केलं खरं, पण खेड्यात पोरगं ओसरीवरच बसायचं. मास्तर पाटी हातात घेत नसे, लांबूनच बघायचा. मिशनच्या झोपडीत निदान पाटीला हात तरी लागत होता.

गोदाकाठ: ओसरीचं मान्य. पण मिशनचा हेतू बघा ना! मिशनच्या बोस्टनच्या मुख्य कचेरीतले अँडरसनसाहेब १८५४च्या सुमारास पाहणीला आले आणि शाळा आवरा, उपदेश वाढवा, असं धोरण लावून गेले. इंग्रजी शाळांवर पहिली कुऱ्हाड पडली. शिक्षणाचा कळवळा असता तर असं झालं असतं?

चावडीवरचा: मग आमिष कसं ओ? मासे लागत नाहीत म्हणून गळच काढायला निघाले होते की ते! तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय.

गोदाकाठ: उलटत नाही. हिशेब धर्मांतराचाच होता, एवढंच त्यातून दिसतं.

अनवट: बोस्टनचा हिशेब असेल. पोराला शाळेत धाडणाऱ्या बापाचा वेगळा होता. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला तरी वाचता यावं, एवढं त्याला कळत होतं. या चर्चेत त्याला कुणी विचारतच नाही, जणू तो भोळा, फसलेला. जोतीरावांनी नगरला मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ला पुण्यात स्वतःची काढली. ख्रिस्ती काही झाले नाहीत. घ्यायचं ते घेतलं.

गोदाकाठ: जोतीरावांना पुण्यात चार मित्र होते, आधार होता. वडाळ्याच्या मांगवाड्यात धर्म बदलला की गावकीचं काम आणि बलुतं तुटायची भीती. तिथं 'घ्यायचं ते घेतलं' म्हणणं सोपं नाही.

चावडीवरचा: हे मात्र खरं. पण बलुतं तोडणारं गाव होतं, शाळा नव्हे.