द्विमितीय अ‍ॅरेच्या पाचही ओळींत सारखेच आकडे का येतात?

प्रश्न
जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत पास्कलचा त्रिकोण (ज्यात ओळीच्या दोन्ही कडांना 1 आणि आतला प्रत्येक आकडा वरच्या ओळीतील लगतच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) छापण्यासाठी मी द्विमितीय अ‍ॅरे, म्हणजे ओळी-स्तंभांत आकडे ठेवणारी रचना, घेऊन 'इंट[][] त्रिकोण = न्यू इंट[5][];' असे लिहिले होते. प्रोग्रॅम कंपाईल झाला, पण त्रिकोण[0][0] मध्ये 1 ठेवताच नलपॉइंटरएक्सेप्शन (जिथे काहीच नाही ते वापरल्याची त्रुटी) आले. वर्गमित्राच्या सांगण्यावरून लूपच्या आधी 'अ‍ॅरेज.फिल(त्रिकोण, न्यू इंट[5]);' हे सर्व जागी एकच किंमत भरणारे विधान घातले, तेव्हा एक्सेप्शन गेले; मात्र आता पाचही ओळींत 1 4 8 9 1 एवढेच छापले जाते. सूत्र कागदावर दोनदा पडताळले आहे. चूक नेमकी कुठे असावी?

उत्तर 1
सूत्र बरोबरच आहे. जावातील द्विमितीय अ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरेंच्या रेफरन्सचा (पत्त्यांचा) अ‍ॅरे. त्यामुळे 'न्यू इंट[5][]' ने फक्त बाहेरचा अ‍ॅरे तयार होतो आणि त्याच्या पाचही जागी नल (म्हणजे काहीच नाही) असतो. फिलला दिलेले 'न्यू इंट[5]' एकदाच चालते, म्हणून पाचही ओळी एकाच अ‍ॅरेकडे बोट दाखवतात. तुमचा 8 याचीच साक्ष देतो: मधल्या जागी मागच्या ओळीतील 3 आणि 3 मिळून 6 यायला हवे होते, पण पहिला 3 वाचण्यापूर्वीच त्यावर नवा 4 लिहिला गेला होता, आणि दुसरा 3 तर याच कारणाने चौथ्या ओळीतच 4 झाला होता. फिल काढून टाका आणि बाहेरच्या लूपमध्ये, ओळ भरण्याआधी, 'त्रिकोण[आय] = न्यू इंट[आय + 1];' लिहा; इथे 'आय' म्हणजे ओळीचा क्रमांक, 0 पासून मोजलेला.

उत्तर 2
आतला लूप उजवीकडून डावीकडे चालवला असता, तर शेवटची ओळ योगायोगाने बरोबर आली असती आणि ही चूक अधिकच लपली असती. 'न्यू इंट[5][5]' नेही काम भागते, परंतु त्रिकोणाच्या उरलेल्या जागी शून्ये राहतात. जेडीके (जावाचा विकास-साधनसंच) 15 किंवा त्यापुढची आवृत्ती वापरल्यास एक्सेप्शनच्या संदेशातच नेमके काय नल आहे ते आपोआप लिहून येते. तो संदेश पूर्ण वाचत चला.

प्रश्नकर्ता
बदल केला. शेवटची ओळ 1 4 6 4 1 अशी येण्याआधी अ‍ॅरेइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन (नसलेल्या जागेचा क्रमांक वापरल्याची त्रुटी) आले, कारण छापण्याच्या लूपमध्ये मी 5 हीच मर्यादा ठेवली होती. तिथे 'त्रिकोण[आय].लेंग्थ' घातल्यावर त्रिकोण नीट छापला गेला.