मदत हवी आहे : मे अखेरचा पिवळा इशारा नेमका कसा वाचावा?

नमस्कार. आमची हापूसची बाग राजापूर तालुक्यात, किनाऱ्यापासून बरीच आत आहे. हवा स्वच्छ असेल तर खळ्यातून अणुस्कुऱ्याकडचे डोंगर दिसतात. झाडांवर शेवटच्या दोन काढण्यांचा आंबा शिल्लक आहे, खळ्यात आमसुले वाळत आहेत आणि मागच्या पडवीची कौले अजून परतायची आहेत. हवामान विभागाने जिल्ह्याला पुढील पाच दिवस पिवळा इशारा दिला असून त्यातले वाक्य दर वर्षीचेच आहे : तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांसह हलका ते मध्यम पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर. या वाक्यावरून काम उरकावे की थांबवावे, हे मला ठरवता येत नाही.

गेल्या आठवड्यात असाच इशारा होता. पहिले तीन दिवस आम्ही दुपारपासून ताडपत्री अंथरून वाट पाहिली. मळभ आले, घामाच्या धारा लागल्या, पण थेंब पडला नाही. चौथ्या दिवशी कोणीच फिकीर केली नाही. साडेचारच्या सुमारास पूर्वेकडून गार वारा आला, पाचोळा खळ्यात गोल फिरू लागला आणि आम्ही आमसुलांच्या दुसऱ्या चटईपर्यंत पोहोचेतो सर कोसळली. पाऊस जेमतेम वीस मिनिटे पडला. रसाची तीन पुटे चढलेली साले पाण्यात भिजून पुन्हा फिकी पडली आणि सकाळी काढून बागेतच ठेवलेला आंबा क्रेटसह भिजला. तो तसाच पेट्यांत भरण्याची घाई मी केली, ही चूक माझीच. चार दिवसांत बरीच फळे देठाकडून काळी पडली. उरलेला आंबा कॅनिंगला द्यावा लागला.

त्याच दिवशी खाडीपलीकडे राहणाऱ्या माझ्या मावशीकडे लख्ख ऊन होते. म्हणून विचारतो की जिल्ह्याच्या अंदाजावरून एका वाडीपुरता काही निष्कर्ष काढता येतो का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा संध्याकाळी येऊन जाणारा वळीव आहे की एकदा सुरू झाला की आठवडाभर न हटणारा पाऊस, हे दोन दिवस आधी कसे ओळखावे? वळीव असेल तर मी आंबा झाडावर तयार होऊ देईन. दुसरा असेल तर कोवळा-जून न पाहता उद्याच उतरवीन.

प्रतिसाद

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, पण आधी पहिला निकालात काढू. अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द मोघम नाही. त्या भागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा अर्थ असतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत आणि त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’. त्यामुळे आपण भिजलात आणि मावशी कोरड्या राहिल्या, तरी अंदाज बरोबरच ठरतो. एका वाडीचे उत्तर पाच दिवसांच्या पत्रकात मिळणार नाही. ते त्याच दुपारी मिळेल.

वळिवाची रीत अशी की दुपारी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीच्या भिंतीला भिडून वर चढतो आणि दोन-तीनच्या सुमारास घाटमाथ्यावर ढग उभे राहू लागतात. पुढचे सारे वरच्या थरांतील वाऱ्यावर अवलंबून असते. तो पूर्वेकडून असेल तर ढग आपल्या बागेवर उतरतात, पश्चिमेकडून असेल तर कोल्हापूरकडे निघून जातात. आपले पहिले तीन दिवस कोरडे का गेले असावेत, याचे एक कारण इथे सापडू शकेल. दुपारनंतर हवामान विभागाच्या संकेतस्थळावर गोव्याच्या डॉप्लर रडारचे चित्र पाहावे, कारण मुंबईची रडारे राजापूरपासून फार दूर पडतात. गोव्याच्या रडारचा किरणही आपल्याकडे पोहोचेपर्यंत सुमारे दोन किलोमीटर उंचीवर गेलेला असतो, पण गडगडाटी ढग त्याच्या कितीतरी वर वाढत असल्याने ते सुटत नाहीत. लागोपाठची तीन चित्रे पाहून पावसाच्या ढगाचा ठिपका कोणत्या दिशेला सरकतो ते बघावे. एकच चित्र पाहून काहीही कळत नाही.

समुद्राकडून येणारा पाऊस वेगळा. तो घड्याळ पाहत नाही, पहाटेही पडतो. २०२५ मध्ये अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि दुसऱ्याच दिवशी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचला, हे आपल्या लक्षात असेलच. त्याची चाहूल पत्रकातच मिळते. ‘तुरळक’ जाऊन ‘बहुतेक ठिकाणी’ येते, पिवळ्याचा नारिंगी होतो, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वरचा, म्हणजे मुसळधार पाऊस सांगितला जातो, आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असे वाक्य येते. मी स्वतः हे शेवटचे वाक्य सर्वांत आधी शोधतो. ते नसेल तर आंबा झाडावर राहू द्यावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद

वरील माहितीला एक पुरवणी. आपण पाऊस मोजत आहात, पण झेला (आंबा काढायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढलेल्या गड्याला धोका विजेचा आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर पडतो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सर्वांना खाली उतरवून घरात आणावे, झाडाखाली उभे राहू देऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, मात्र बागेत रेंज नसेल तर ते निरुपयोगी आहे आणि आपल्याकडच्या बागांत ती किती असते हे सांगायला नको. काढणी सकाळीच आटोपावी. पाऊस झाल्यावर फळमाशी वाढते, म्हणून दापोलीच्या विद्यापीठाचे रक्षक सापळे काढणी संपेपर्यंत उतरवू नयेत. भिजलेला आंबा पंख्याखाली पसरून पूर्ण सुकल्याशिवाय पेंढ्यात घालू नये.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आजच्या पत्रकात मच्छीमारांसाठी इशारा नाही आणि ‘तुरळक’ हा शब्द कायम आहे. त्यामुळे एक काढणी उद्या सकाळी करून दुसरी चार दिवस पुढे ढकलली आहे. आज तीन वाजता डोंगरावर ढग फुलकोबीसारखे वर आले होते. रडारवर अर्ध्या तासात ठिपका पूर्वेकडे सरकताना दिसला, म्हणून छाती करून आमसुले खळ्यातच ठेवली. आता पावणेसहा झाले आहेत, साले कोरडी आहेत. आई मात्र ताडपत्री मांडीवर घेऊन ओट्यावर बसली आहे आणि मोबाईलमधल्या ठिपक्यावर तिचा अजून विश्वास नाही.

एक शंका उरते. रात्री पत्रक बदलून नारिंगी झाले, तर सकाळचे नवे पत्रक येईपर्यंत थांबावे, की पहाटेच गडी बोलवावेत? कोणी अनुभव सांगितल्यास आज रात्रीच निरोप धाडता येईल.