मदत हवी आहे: साडेचार वर्षांचा मुलगा ताटावर बसत नाही

नमस्कार. आम्ही कोल्हापूरला मंगळवार पेठेत राहतो. घरात सासू-सासरे, दीर आणि आम्ही तिघं.

गेल्या रविवारी नणंदेकडे जेवायला गेलो होतो. तांबडा-पांढरा, सुकं मटण, सगळा बेत. लहानांना अळणी-भात वाढला. आमच्या मुलानं चार घास खाल्ले, मग उष्ट्या हातानंच शेजारच्या आजोबांच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि पळत सुटला. जोराचा ठसका लागला. पाठीत थापट्या मारल्यावर सावरला, पण माझे हातपाय गार पडले होते. मटणात बारीक हाड असतं, ते घशात अडकलं असतं तर? तेव्हापासून एका जागी बसून जेवणं ही मला नुसती शिस्तीची गोष्ट वाटत नाही.

घरी मोबाइल समोर असला तरच बसतो. या वयाला दिवसातून १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. पण बंद केला की ताट ढकलतो. मग सासूबाई मागं मागं फिरून भरवतात, नाहीतर ह्यांचा आवाज चढतो आणि तो रडत रडत जेवतो. दोन्ही मला पटत नाही.

रस्सा वाटी तोंडाला लावून भुरके मारत पिणं आमच्याकडे चालतं, वाढणाऱ्यालाही बरं वाटतं. शाळेत मात्र आवाज न करता खा म्हणतात. भुरक्यावरून मला त्याला ओरडायचं नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही, उष्ट्या हातानं वाढून घ्यायचं नाही, तोंडात घास असताना उठायचं नाही, एवढं जमलं तरी मला पुष्कळ आहे.

एक गोष्ट जमलीय. जेवणाआधी मीठ-लिंबू वाढायचं काम त्याला दिलं. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे पाठ झालंय त्याला. सगळ्यांना मनापासून वाढतो. स्वतःचं ताट पुढं आलं की मात्र पाच मिनिटांत उठतो.

या वयाची तुमची मुलं किती वेळ बसायची? सगळ्यांचं होईपर्यंत थांबवावं, की स्वतःचं झालं की हात धुऊन उठू द्यावं? मोबाइल एकदम बंद केलात की एकेका जेवणाचा? आणि सासूबाईंना वाईट न वाटता भरवणं कसं थांबवायचं? त्या मायेनंच करतात, म्हणून जीभ रेटत नाही.

मे महिन्यात दिराचं लग्न आहे, तोवर थोडं तरी वळण लागावं असं वाटतं. स्वतः करून पाहिलेलं काही असेल तर जरूर लिहा.