अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांचे प्रवेश: गुणवत्ता किती आणि घरची श्रीमंती किती?

गोदाकाठ (धागाकर्ता)

माझी भाची यंदा बारावीत आहे आणि पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करण्याचा तिचा विचार आहे. त्यासाठी आम्ही एका समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी काही लाखांचे शुल्क सांगितले, पण त्या पैशांत काय मिळणार हे ऐकून मी अधिक अस्वस्थ झालो. निबंधांवर हात फिरवणे, एखादा संशोधन प्रकल्प जुळवून देणे, समाजसेवेचा उपक्रम उभा करून देणे अशी ती यादी होती. अभ्यासाचा त्यात जवळपास संबंध नव्हता. मुलीच्या अंगचे गुण म्हणून जे तपासले जाणार, तेच तिथे विकायला होते.

घरी येऊन मी राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२३ सालचा अभ्यास वाचला. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल अशा जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटातील आठ विद्यापीठे आणि त्यांच्या जोडीला स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो अशा बारा संस्थांचे प्रवेश त्यांनी तपासले. एसएटी किंवा एसीटी या तिथल्या प्रवेशासाठीच्या लेखी परीक्षांत गुण सारखेच असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मूल या संस्थांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक निघाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, म्हणजे तिकडची 'लेगसी', खेळाडू म्हणून होणारी निवड आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन ही त्यामागची प्रमुख कारणे. नामांकित सरकारी विद्यापीठांत असा फरक आढळला नाही. अमेरिकी सिनेटचे सुमारे पाव सदस्य याच बारा संस्थांत शिकलेले आहेत, हे लक्षात घेतले की या जागांचे मोल कळते.

माझे मत असे की लेखी परीक्षा कितीही सदोष असली, तरी पैसा सर्वांत सहज शिरतो तो व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्या निकषांतून.

न्यूजर्सीकर

आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. माझ्या मुलीच्या वर्गातील एक मुलगा रोज संध्याकाळी पेट्रोल पंपावर काम करून दोन धाकट्या भावंडांना सांभाळत असे. परीक्षेत त्याला माझ्या मुलीपेक्षा कमी गुण होते. माझ्या मुलीला स्वतंत्र खोली होती, शिकवणी होती, आणि घरात तिच्या अभ्यासाच्या वेळी कुणी मोठ्याने बोलतही नसे. त्या मुलाचे कमी गुण कशातून आले, हे निबंधाशिवाय आणि शिक्षकांच्या पत्राशिवाय निवड करणाऱ्यांना कसे कळले असते? केवळ आकडा पाहिला असता, तर प्रवेश माझ्या मुलीला मिळाला असता आणि आपण त्याला गुणवत्ता म्हटले असते.

दुसरे असे की या संस्थांच्या मदतीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. २०२५-२६ पासून हार्वर्डमध्ये वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्वसाधारण कुटुंबाला राहण्याजेवणासकट काही भरावे लागत नाही, आणि २ लाख डॉलरपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि मग गरजेइतकी मदत देतात. तुमच्या भाचीने आधी हे पाहावे, समुपदेशक नंतर. हा पैसा मोठ्या प्रमाणात देणगीदारांकडून येतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्यामुळे देणगीदार टिकतात, हे आवडो न आवडो, विचारात घ्यावे लागते.

पहिली पिढी

मी जेईई देऊन आयआयटीत शिकलो. माझी आई अंगणवाडी सेविका होती. तेव्हा माझी बाजू उघड आहे, पण परीक्षेचा गौरव करण्यासाठी मी लिहीत नाही. राजस्थानातील कोटा शहरात शिकवणीसाठी दोन वर्षे राहण्याचा खर्च कुणाला झेपतो, हे मला ठाऊक आहे.

२०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली, पण १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने ती गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. गरिबी आमच्याकडेही दारातच अडवते, हे त्यातून दिसलेच. तरीही त्या मुलाच्या हातात एक क्रमांक होता, आणि ही जागा माझी आहे असे तो न्यायाधीशांसमोर म्हणू शकला. 'एकंदर व्यक्तिमत्त्व' पुरेसे ठरले नाही म्हणून नाकारलेल्या अमेरिकी मुलाने कोणता कागद दाखवायचा? आपल्यावर अन्याय झाला की नाही, हेसुद्धा त्याला कधी कळत नाही.

माणदेशी शिक्षिका

तुम्ही सगळेच निवडीच्या टेबलापर्यंत पोहोचलेल्या मुलांबद्दल बोलत आहात. माझ्या शाळेतील हुशार मुले त्याच्या फार अलीकडे थांबतात. बारावीनंतर एक वर्ष 'ड्रॉप' घेऊन पुन्हा परीक्षा देणे म्हणजे कमावत्या वयाचे मूल वर्षभर घरी बसवणे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा विषय निघतही नाही. क्रमांक निःपक्षपाती असेल, पण तो मिळवण्याच्या प्रयत्नांची संख्या घरच्या पैशावर ठरते. दक्षणा प्रतिष्ठानासारखी संस्था नवोदय विद्यालयांतील मुलांना निवडून मोफत तयारी करून देते, तेव्हा ती मुले आयआयटीत जातात; म्हणजे कमतरता बुद्धीची नव्हती.

गोदाकाठ

शिक्षिकाबाईंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मूळ लेखनात तो यायला हवा होता.

न्यूजर्सीकर, पेट्रोल पंपावरील मुलाविषयी तुम्ही लिहिले ते मनाला लागले. अशा मुलांसाठीच ही पद्धत असती, तर मी वाद घातला नसता. परंतु १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथे चारित्र्य, मुलाखती, शिफारसपत्रे यांना महत्त्व आले, ते परीक्षेत पुढे येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्यासाठी. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरील खटल्यात उघड झालेल्या माहितीचे विश्लेषण झाले, तेव्हा प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतील (म्हणजे देणगीदारांशी संबंधित वगैरे) निघाले. शिवाय २०२० साली स्थगित केलेली एसएटीची अट एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, आणि गुणांमुळे कमी साधनांच्या घरांतील सक्षम मुले ओळखता येतात, हे त्यामागचे एक कारण सांगितले. पंपावरील मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या, परिसराच्या संदर्भात वाचता येतात. त्यासाठी लेगसीची गरज नाही.

न्यूजर्सीकर

लेगसीचे समर्थन मी मागे घेतो. एमआयटी ती पाळत नाही, जॉन्स हॉपकिन्सने ती सोडली, आणि दोन्ही संस्था व्यवस्थित चालू आहेत, तेव्हा देणग्यांचा माझा युक्तिवाद टिकत नाही. निबंध मात्र काढू नयेत, यावर मी ठाम आहे.

पहिली पिढी

सोडायला सगळे तयार नाहीत, एवढेच नोंदवतो. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये राज्याचा निधी घेणाऱ्या खासगी विद्यापीठांतही लेगसीवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानंतर स्टॅनफर्डने राज्य सरकारच्या कॅल ग्रँट या विद्यार्थी-अनुदानावर पाणी सोडून ती रक्कम स्वतःच्या निधीतून भरण्याचे ठरवले, आणि लेगसी चालू ठेवली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी एखादी संस्था किती किंमत मोजायला तयार असते, ते इथे दिसते. न्यूजर्सीकर, तुमच्या त्या मुलाला प्रवेश मिळाला का?

न्यूजर्सीकर

मिळाला, राज्याच्या सरकारी विद्यापीठात. दोन खासगी विद्यापीठांनी त्याला प्रतीक्षायादीवर ठेवले होते. तिथून पुढे काही कळले नाही.