गर्भपिशवी काढायची की नाही? सोमवारची तारीख दिली आहे, लवकर सांगा

कापूसकोंड्या (गुरुवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. पेशंटच्या अंगावरून लय जाते. तालुक्याला एका खासगी दवाखान्यात दाखवलं, सोनोग्राफी केली, गाठ आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. सोमवारी सकाळी उपाशीपोटी बोलावलं आहे, अर्धे पैसे आधी भरायचे. आता कोणी म्हणते की नवीन संशोधनात बिनाऑपरेशनचे उपाय निघाले आहेत. खरं आहे का? काढायची की नाही, एवढंच सांगा. लंबे लेख टाकू नका. सीतादहीची पूजा होऊन गेली, कापसाची वेचणी सुरू आहे, टाइम नाही.

झाडीपट्टी (९:३०)
अंगावरून जाते म्हणजे पांढरं की लाल? आमच्या गडचिरोलीकडं पांढऱ्यालाही लोक असंच म्हणतात, आणि पांढऱ्यापायीसुद्धा पिशव्या काढून बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. पांढरं असेल तर ते कधी साधंच असते, कधी जंतुसंसर्गाचं, अन् ते औषधानं बरं होते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रियांचा आजार निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम ८. म्हणजे दुखणं घरोघरी आहे. मग काय घरोघरची पिशवी काढायची?

कापूसकोंड्या (९:४१)
लाल. पाळीतच. आठ-आठ दिवस. गाठी पडतात. हो की नाही सांगा ना बावा.

सुईदोरा (९:५५)
हो-नाही सांगायला मी पोपटवाली नाही. ३१ वर्षं सिस्टर होते, म्हणून विचारते. वय किती? लेकरं किती? पाळीत पडतात त्या रक्ताच्या गाठी, सोनोग्राफीतली गाठ वेगळी. ती किती सेंटीमीटरची आणि पिशवीत नेमकी कुठं? हिमोग्लोबिन किती? आधी कोणत्या गोळ्या दिल्या, किती महिने? आणि 'पेशंट' म्हणजे कोण? आई असेल तर एक उत्तर, बायको असेल तर दुसरं.

कापूसकोंड्या (१०:०२)
घरचीच आहे. वय ३५-३६ असेल.

झाडीपट्टी (१०:०३)
'असेल'? आधार कार्ड पाहा ना भाऊ.

वैद्यबुवा_अकोट (१०:२०)
अशोकारिष्ट दोन-दोन चमचे जेवणानंतर, सकाळी दुर्वांचा रस. उष्ण पदार्थ बंद, तुरीच्या डाळीचं वरण बंद. माझ्या मावशीची गाठ तीन महिन्यांत विरघळली.

सुईदोरा (१०:२६)
मावशीचं वय किती होतं? पाळी जायच्या वयात अशा गाठी आपोआप आकसतात, तुमचं अशोकारिष्ट असो नसो. आणि ज्या बाईचं रक्त वाहून चाललं आहे तिचं वरण काहून बंद करता?

नागपुरी_संत्रं (१०:४८)
मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, खरं आहे. पिशवीत बसवायचं एक साधन असतं, त्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन रोज २० मायक्रोग्रॅमच्या आसपास झिरपतं. आतलं अस्तर पातळ राहतं, रक्तस्राव खूप कमी होतो, काही जणींची पाळी बंदच होते. इंग्लंडमध्ये जास्त रक्तस्राव होणाऱ्या ५७१ बायकांवर एक्लिप्स नावाची चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला. निम्म्या बायकांना हे साधन, निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या. दोन वर्षांनी साधन चालू ठेवलेल्या ६४ टक्के, गोळ्या चालू ठेवलेल्या ३८ टक्के. त्रासही साधनवाल्यांचा जास्त कमी झाला. हेच बसवा, विषय संपला.

बोरगावची_लेक (११:०५)
तांबी??? माझ्या जावेले तांबी बसवली अन् पाळी चार दिवसाची सात दिवसाची झाली. जिचं आधीच लय जाते तिले तांबी सांगून राहिले तुम्ही? थोडी तरी लाज वाटू द्या.

नागपुरी_संत्रं (११:११)
ताई, तांबी नाही हो. तांब्याच्या तारेनं पाळी वाढते हे तुमचं बरोबर आहे. यात तांबं नसतं, हार्मोन असतं. आकार तोच इंग्रजी टीसारखा, म्हणून गोंधळ होतो. बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात, तेवढं सोसावं लागतं.

बोरगावची_लेक (११:१९)
इंग्लंडच्या बाया ओटीत कापूस भरून दिवसभर वाकून वेचत नाही. सहा महिने डाग सोसा म्हणणं सोपं आहे.

निवृत्त_मास्तर (शुक्रवार, सकाळी ६:०५)
शुभ सकाळ. घरात ९ ते १४ वयाची मुलगी असल्यास तिला एचपीव्ही लस (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्धची) अवश्य द्यावी. भारतात २०१० साली अशा लसीकरणाचा एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला, त्यामुळे कित्येक मुलींना एकच डोस मिळाला होता. पुढे त्यांचा मागोवा घेतला तेव्हा एका डोसाचं संरक्षणही भक्कम निघालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एक डोस चालेल असं म्हटलं. आपलं एक अडलेलं काम जगाच्या उपयोगी पडलं, याचा अभिमान वाटतो.

कापूसकोंड्या (६:४०)
सर, मी लसीचं विचारलं नाही.

सुईदोरा (७:१५)
मास्तरांचा निरोप भलत्या दारात पडला, पण त्यातून एक कामाचं निघतं. डॉक्टरांनी 'कॅन्सर होईल' म्हटलं ते कशाचा? पिशवीच्या तोंडाचा, अस्तराचा, की गाठीचा? तीन वेगळ्या गोष्टी आहेत. या गाठीचा कॅन्सर होणं फारच विरळ. पिशवीच्या तोंडाचा असतो, पण त्याची भीती पिशवी काढून घालवायची नसते, तपासणी करून घालवायची असते. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त बायांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला: ज्या गटात एचपीव्हीची एकदा तपासणी केली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुमच्या पेशंटची ती तपासणी किंवा व्हिनेगर लावून पाहतात ती तरी झाली का? आणि मी विचारलेलं अजून एकही सांगितलं नाही तुम्ही.

कापूसकोंड्या (१:५०, दुपारी)
शेतातून आलो, कागद काढला. वय ३६ पूर्ण. गाठ ३.८ बाय ३.२ सेंमी, इंट्राम्युरल लिहिलं आहे. एंडोमेट्रियल थिकनेस ९ मिमी. हिमोग्लोबिन ७.१. दोन लेकरं, नसबंदी झाली. गोळ्या मेडिकलवाल्यानं दिल्या होत्या, पाच दिवसांच्या, नाव माहीत नाही, लाल पाकीट होतं. आतून तिला कोणीच तपासलं नाही, फक्त पोटावरून सोनोग्राफी. बायकोच आहे माझी. इथं सगळे वाचतात म्हणून लिहिलं नव्हतं.

झाडीपट्टी (१:५८)
सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासली का कधी? आपल्या भागात रक्त कमी दिसलं की आधी ते विचारावं.

कापूसकोंड्या (२:०४)
हो, शाळेत असताना तपासली होती, एएस आलं होतं. सांगायचं राहिलं.

सुईदोरा (३:३०)
लंबं लिहिते, रागावू नका. वेचणीतून सवड काढून वाचा.

७.१ हा आकडा पाहून मी दचकले. सोमवारी ऑपरेशन करणारे हे रक्त कसं भरून काढणार, काही बोलले का? मला गाठीपेक्षा हे आधी दिसतं. एएस म्हणजे ती वाहक आहे. नुसत्या वाहकपणानं रक्त इतकं उतरत नाही. महिन्याला आठ दिवस वाहून जाते, लोह संपलं, सरळ हिशोब आहे. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ देऊ नका. इतकं कमी असेल तर सलाइनमधून लोह देतात, कधी रक्तच चढवावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील.

३.८ सेंमीची गाठ पिशवीच्या भिंतीत (इंट्राम्युरल म्हणजे तेच) असणं ही अशी काही घाई करायची गोष्ट नाही. ९ मिमी अस्तर तर पाळी चालू असलेल्या बाईत कोणत्या दिवशी मोजलं त्यावर असते. पण थायरॉइड पाहिलं का? आतून तपासणी? अस्तराचा तुकडा घ्यायचा की नाही, हे ती तपासणी करणाऱ्यानं ठरवावं. पाच दिवसांच्या लाल पाकिटाला 'औषधोपचार केला' म्हणत नाहीत. पाळीच्या दिवसांत घ्यायची ट्रॅनेक्झामिक आम्लाची गोळी आहे, रक्तस्राव बराच कमी करते. पायात वगैरे कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर तेवढं डॉक्टरांना आधी सांगायचं. सरकारी दवाखान्यात 'छाया' मिळते, लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेलं औषध, जास्त रक्तस्रावासाठीही वापरतात. आणि संत्र्यानं सांगितलेलं साधन. पिशवी काढणं हे या रांगेत शेवटी येते. येऊच नये असं नाही, पण शेवटी.

कापूसकोंड्या (३:४४)
छाया तर पाळणा लांबवायची गोळी आहे ना? आशाताई वाटतात. नसबंदी झाल्यावर ती कायले?

सुईदोरा (३:४९)
एका औषधाची दोन कामं असतात. कुदळीनं खड्डाही होतो अन् वाफाही. मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका, तिचा डोस वेगळा असतो.

कायद्याचं_बोला (४:३५)
इथं कोणी मुख्य मुद्दा मांडत नाही. गरज नसताना पिशव्या काढण्याविरुद्ध सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०२३ चा निकाल आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यात जिल्हा पातळीपर्यंत देखरेख समित्या आहेत. बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार टाका, मी मसुदा देतो.

संगीता_दारव्हा (५:१०)
अजून ऑपरेशन झालं नाही, तक्रार कशाची टाकता दादा? मी दुसरी बाजू सांगते. माझ्या आईची ४४ व्या वर्षी काढली. गाठ नारळाएवढी होती, दोनदा रक्त चढवलं, गोळ्या करून झाल्या होत्या. त्यानंतर बाई माणसात आली. म्हणून पिशवी काढणारा प्रत्येक डॉक्टर चोर नसतो.

बोरगावची_लेक (५:३२)
तुझ्या आईचं ४४ होतं. माझं ३२. पांढरं जात होतं म्हणून काढली, अन् बाजूचे दोन्ही अंडाशयही काढले, हे मले टाके निघाल्यावर कळलं. महिन्याभरात अंगातून वाफा निघायला लागल्या, थंडीत गोधडी फेकून देत होती. आता ४१ ची आहे, हाडाचा डॉक्टर म्हणते तुमची हाडं म्हातारीची आहेत. कापूसकोंड्याभाऊ, काढायचीच वेळ आली तरी 'अंडाशय ठेवणार ना' हे विचारजा, अन् कागदावर लिहून घेजा. माझ्या घरच्यानं विचारलं नव्हतं. मीही नाही.

संगीता_दारव्हा (५:४०)
ताई, माफ करा. मला तसं म्हणायचं नव्हतं.

वैद्यबुवा_अकोट (६:१५)
म्हणूनच म्हणत होतो, अशोकारिष्ट.

झाडीपट्टी (६:१६)
बुवा, बस करा.

कापूसकोंड्या (रात्री ८:५०)
सगळं तिला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं टाकतो. "हे सारे जण ठेवा-काढा करून राहिले, मले एकानं तरी इचारलं का? मीच डॉक्टरले म्हनलं होतं, काढून टाका. पाळीचे चार दिवस वेचाले जाता येत नाही, गेली तर लुगड्याले डाग, मागच्या वावरातले मानसं पाहतात. मले पिशवीचं काही नाही, मले ते थांबलं पाहिजे." मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं डॉक्टरनंच सांगितलं.

सुईदोरा (९:०६)
बरं झालं बोलली. तिला सांगा, थांबवणं हेच काम आहे, रस्ते दोन-चार आहेत, एवढंच. कापायच्या आधी तिला प्रत्येक रस्त्यावरचे खड्डे माहीत पाहिजेत. आणि काढली तरी पुढची वेचणी लगेच नाही. सहा आठवडे ओझं उचलता येत नाही. हे तुम्हाला सांगितलं होतं का कोणी?

कापूसकोंड्या (९:१५)
नाही. आठ दिवसांत कामाला लागेल म्हणाले होते.

नागपुरी_संत्रं (९:२२)
सेवाग्रामला दाखवा. मेडिकल कॉलेज आहे, सगळ्या तपासण्या एका जागी होतील. त्या साधनाचंही तिथं विचारा, ७.१ असताना बसवायचं की आधी रक्त भरायचं ते सांगतील. काल मी 'विषय संपला' लिहिलं, ते घाईत लिहिलं.

निवृत्त_मास्तर (९:४०)
सेवाग्रामची एक आठवण. आमच्या तरुणपणी तिथं हंगामात ज्वारी देऊन गावाचा आरोग्य विमा निघायचा. पैसा नसला तरी ज्वारी घरात असायची. कल्पना केवढी मोठी होती!

कायद्याचं_बोला (९:४४)
मसुदा हवा असल्यास निरोप करा. ऑफर कायम आहे.

कापूसकोंड्या (बुधवार, रात्री ९:३०)
सोमवारी गेलो नाही. दवाखान्यातून दोनदा फोन आला, म्हटलं वावरात काम आहे. काल सेवाग्रामला गेलो. पूर्ण दिवस गेला, चार रांगा. आतून तपासलं, पिशवीच्या तोंडाची तपासणी केली, थायरॉइडचं रक्त घेतलं. तेवढ्यात पाळी सुरू झाली होती, म्हणून अस्तराचं पुढच्या वेळी बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हिमोग्लोबिन तिथं ६.८ आलं. एक पिशवी रक्त चढवलं, सलाइनमधून लोह आठ दिवसांनी. सुईदोरा मॅडमनी सांगितली तीच पाळीची गोळी दिली. आज दुसरा दिवस, ती म्हणते निम्मं झालं. तीन महिने पाहू म्हणाल्या, मग साधन की ऑपरेशन ते तिनं ठरवायचं.

सुईदोरा (९:४८)
रिपोर्ट आले की इथंच टाका, सगळे आकडे टाका. आणि या महिन्यात वेचणीला पाठवू नका तिला.

कापूसकोंड्या (९:५५)
आईला घेतलं आहे वावरात, अन् मी. ती घरी आहे. फोन आता तिच्याच हातात राहते, तुमचं सगळं पहिल्यापासून परत वाचून राहिली आहे.

झाडीपट्टी (१०:०२)
वर्ध्याहून सेवाग्रामला ऑटोवाले किती घेतात आजकाल? मलाही आईला न्यायचं आहे पुढच्या आठवड्यात.