सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर: वायर किती जाडीची?

प्रश्न: कोथरूडमधली जुनी सोसायटी. पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घेतोय. मीटर-रूमपासून पार्किंग ४० मीटर, चार्जर ७.२ किलोवॅटचा. इलेक्ट्रिशियन म्हणतो ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पुरेल. खरंच पुरेल?

उत्तर १: नाही, अजिबात टाकू नका. हा चार्जर ३२ अँपिअर तासन्‌तास ओढतो. गिझरसारखं वीस मिनिटांत काम संपत नाही. ४० मीटरला ४ स्क्वेअर एमएममध्ये व्होल्टेज सुमारे १२ व्होल्टने घटतं, म्हणजे साडेतीनशेहून जास्त वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. १० स्क्वेअर एमएमची टाका. सोबत ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). वायरच्या टोकांना लग (धातूची टोपी) नीट क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून घ्या. स्क्रू ढिला राहिला की आधी तिथलंच इन्सुलेशन काळं पडतं.

उत्तर २: दादा, अर्थिंगही तपासा. जुन्या इमारतींत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, न्यूट्रल आणि अर्थ या दोन वायरींमधला व्होल्टेज वाढतो आणि चार्जर फॉल्ट दाखवून बंद राहतो. लोक उगाच गाडीला दोष देतात! चार्जरसाठी वेगळा खड्डा घ्या, रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत हवा. महावितरणकडे ईव्हीसाठी (इलेक्ट्रिक गाडीसाठी) वेगळं मीटर मागता येतं, त्याआधी सोसायटीचं पत्र घेऊन ठेवा.

उत्तर १: रोजचं धावणं ४०-५० किलोमीटर असेल तर ३.३ किलोवॅटचा चार्जरही रात्रीत भागवतो. पण त्यालाही साधा घरगुती प्लग नको, वितळतो. १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेटच लावा.