मदत हवी आहे : ऊसतोडीच्या बैलांवरून आलेल्या गोचिडांचा जनुकप्रवाह कसा ओळखावा?

नमस्कार. मी परभणीत पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे आणि बीड जिल्ह्यातील धारूर व वडवणी तालुक्यांतील गुरांवरच्या गोचिडांवर प्रबंध लिहीत आहे. येथील अनेक बैलजोड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि गाळप संपले की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बबेसिया हा गुरांच्या रक्तातील रोगजंतू पसरविणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड अळीपासून रक्त पिऊन टम्म फुगलेल्या मादीपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहते, त्यामुळे बैलाबरोबर तिचाही प्रवास आपसूक होतो.

अडचण अशी की, गोचीड गावात पोहोचली म्हणजे तिची जनुके येथील गोचिडांत मिसळून रुजली, म्हणजे जनुकप्रवाह झाला, असे होत नाही. परतलेल्या बैलांवरून माद्या गळतात त्या ऐन मार्च-एप्रिलमध्ये, आणि कोरड्या उन्हात अंडी व अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात; गोठ्याच्या ओलसर फटींत काही तगत असतील, तेवढीच. म्हणून बैल जाण्यापूर्वी, परतल्यावर लगेच आणि पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस, अशा तीन वेळा नमुने घ्यावेत असे मला वाटते. मार्गदर्शकांच्या मते दोन फेऱ्या पुरेत. परंतु आलेल्या माद्यांची संतती तिसऱ्या फेरीतच सापडेल.

एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि अळ्या गवताच्या शेंड्यावर झुपक्याने बसतात, म्हणजे एकाच बैलावर सख्खी भावंडे मिळण्याचा धोका आहे. प्रत्येक जनावरावरून एकच गोचीड घ्यावी, तर दोन-तीन जनावरांच्या गोठ्यांतून पुरेसे नमुने जमणार कसे? जास्त घेऊन नंतर मायक्रोसॅटेलाइटवरून (डीएनएतील पुनरावृत्त तुकड्यांच्या चिन्हांवरून) भावंडे वगळणे कितपत विश्वासार्ह ठरते, विशेषतः गोचिडांत पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती करण्याच्या प्रक्रियेत) न वाढणारे अॅलील, म्हणजे जनुकीय रूपे, वारंवार आढळतात आणि त्यामुळे समयुग्मता (दोन्ही प्रती सारख्या असणे) खोटीच वाढलेली दिसते, हे लक्षात घेता?

एफएसटी (समूहांमधील जनुकीय फरकाचा निर्देशांक) शून्याजवळ आला तरी तो बैलांमुळेच, असे म्हणायला मी धजत नाही, कारण मोठ्या आणि अलीकडेच विभागलेल्या समूहांतही तो तसाच येतो. बैल बाहेर न जाणारी, तितक्याच अंतरावरची गावे तुलनेला घेतली तर युक्तिवाद टिकेल का? सायपरमेथ्रिन या गोचीडनाशकाला न जुमानणाऱ्या गोचिडांचे, हे औषध जिच्यावर काम करते त्या सोडियम वाहिनीच्या जनुकातील बदल याच वाटेने येत असतील, तर गोठ्यात औषध मारण्याची वेळही बदलावी लागेल, म्हणून हा प्रश्न केवळ प्रबंधापुरता नाही.

शिवाय, फुगलेल्या मादीतील बैलाच्या रक्ताने पीसीआर बिघडू नये म्हणून कोणी फक्त पायांतून डीएनए काढला असल्यास, तो किती मायक्रोसॅटेलाइटना पुरला, हे कृपया कळवावे.